चनबसप्पाचा उजेड आणि माझा नारळ

चनबसप्पाला बंगलोरला जाऊ द्यायचं नाही, हे मी दसऱ्याच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आणि मी एकदा ठरवलं की आमच्या भौतिकशास्त्र विभागात पानही हलत नाही! विभागात आम्ही दोघंच होतो, हा भाग वेगळा.

ही १९७८ची गोष्ट. बंगलोरच्या विज्ञान प्रदर्शनाला आमच्या कॉलेजातून एकच प्रयोग जाणार होता. माझी दुर्बीण तयार होती. घरी घासलेली भिंगं, शिसवी नळी! तिच्यातून दिवसा पाण्याची टाकी स्पष्ट दिसे. उलटी दिसे, पण स्पष्ट. नोकरीत मी आधी लागलेला, तेव्हा जाण्याचा हक्क माझाच. पण माझ्या हाताखाली आलेला हा चनबसप्पा उन्हाळ्यात कुठलंसं शिबिर करून आला, आणि येताना चक्क लेझर घेऊन आला. सोबत केसासारखा काचेचा तंतू आणि एक काचपट्टी. पट्टीवर इतका पातळ थर, की डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हता. तंतूतून आलेला उजेड त्या थरात शिरवायचा आणि थराच्या आतून पलीकडे न्यायचा! पुढं टेलिफोनवरची बोलणी अशीच उजेडातून जातील म्हणे. हे ऐकून प्राचार्य खुर्चीतून उठले. माझी टाकी त्यांनी बसूनच बघितली होती.

घरी तर बोलायलाच नको. गौरम्मा मला भाकरी वाढता वाढता म्हणाली, "चनबसप्पा भावजी लई हुशार हायत की." माझी बायको! त्या दिवशी मी शेंगाची चटणी नको म्हटलं, यावरून काय ते समजा.

समाधान एकच होतं, उजेड शिरत नव्हता. तंतूचं टोक थरासमोर नेमकं यावं लागतं. जरा इकडंतिकडं झालं की सगळा उजेड वाया. आणि आमची प्रयोगशाळा भवानी पेठेत, मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना. माग सुरू झाले की आमचं टेबल थंडीतापाच्या रोग्यासारखं थडथडायचं. चनबसप्पानं स्क्रू फिरवून जुळवावं आणि मागांनी ते मोडावं, असं रोज चाले. मी शेजारी उभा राहून हळहळायचो. मागांचा तो खडखडाट मला तेव्हा भजनासारखा गोड लागे.

पण खंडेनवमीला मागांची पूजा असते आणि माग बंद राहतात. चनबसप्पानं प्रात्यक्षिकासाठी नेमका तोच दिवस मागून घेतला. प्राचार्य येऊन दोन्ही प्रयोग बघणार आणि तिथंच निर्णय देणार होते. माझ्या पोटात दुखायला लागलं. मग एकदम सुचलं. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही! चनबसप्पाचं जुळायच्या आत पूजा उरकली, की त्याला स्क्रू फिरवताच येणार नव्हता.

हळदकुंकू, झेंडू, उदबत्त्या आणि नारळ घेऊन मी हजर झालो. लेझर पेटलेला, चनबसप्पा स्क्रूवर वाकलेला. प्राचार्य दारात येताच मी म्हटलं, आधी पूजा. माणूस देवभोळा, त्यांनी लगेच चपला काढल्या.

"अण्णा, जरा थांबा की. अजून जुळलं न्हाय," चनबसप्पा काकुळतीला आला.

"देवाला थांबवतोस व्हय रे?" म्हणत मी त्याला कोपराला धरून बाजूला केलं.

हळदकुंकू वाहिलं, उदबत्त्या लावल्या, आणि जेवढा मत्सर अंगात होता तेवढा एकवटून नारळ टेबलाच्या कडेवर आपटला. टेबल हादरलं, पाणी उडालं. आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं मी जाहीर करून टाकलं.

कुणी लावलाही नाही. गरजच राहिली नव्हती! उदबत्तीच्या धुरात लेझरची तांबडी रेघ तंतूपर्यंत गेलेली दिसत होती, आणि तंतूच्या दुसऱ्या टोकापासून तशीच एक बारीक रेघ काचपट्टीतून सरळ पार गेली होती. धक्क्यानं टोक जागेवर सरकलं होतं आणि नारळाच्या पाण्याचा थेंब तंतू आणि थर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसला होता. अशा फटीत पाणी असलं की उजेड कमी वाया जातो, हे मी स्वतः दरवर्षी वर्गात शिकवतो!

"हात न लावता?" प्राचार्य पुटपुटले आणि पुन्हा हात जोडले. चनबसप्पा तर माझ्या पाया पडला. दुर्बिणीवरचं फडकं काढायची वेळच आली नाही.

तो बंगलोरला गेला. मी जरा सावरतोय तोवर टेलिग्राम आला: उजेड शिरत नाही, नारळ घेऊन ताबडतोब या.

गेलो. फोडला. शिरला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून आला. त्यात चनबसप्पा आहे, काचपट्टी आहे, नारळ तर शेंडीसकट आहे. माझा फक्त उजवा हात आलाय. गौरम्मानं तो अंगठीवरून बरोबर ओळखला, आणि फोटो कौतुकानं भिंतीला लावत म्हणाली, "भावजी किती छान दिसायलेत बघा!"