बत्तीसशेची रांग

जगातल्या प्रत्येक वस्तूचा एक अधिकृत वेग असतो आणि तो इतरांनी पाळायचा असतो. संगणकाच्या मेमरीलाही हाच नियम लागू आहे.

तुरीच्या हमीभाव खरेदीची नोंदणी ऑनलाइन झाली, त्या वर्षी नांदगाव खंडेश्वरात दोन नोंदणी केंद्रं समोरासमोर होती. एक साधनाताईंचं, दुसरं गोवर्धनचं. दोघांचे संगणक सारखे आणि सारखेच रखडणारे. (रखडायचं खरं तर संकेतस्थळ. पण ते दूर आणि संगणक हाताशी, म्हणून दोष संगणकाचा.) साधनाताईंनी आपला संगणक ऑटोत घातला आणि अमरावतीला, राजापेठेत फुरकानभाईंच्या दुकानात नेला.

"ताई, प्रोसेसरची कंपनी म्हणते मेमरी सव्वीसशे सहासष्टच्या वेगावरच चालवा," फुरकानभाई म्हणाले. "अन् मेमरीवर तं बत्तीसशे लिहून हाये. तिच्यात दम हाये, तं बांधून काहून ठेवता?"

"काही बिघडन तं नाई ना?"

"कंपनी जबाबदारी घेत नाई."

"अन् तुमी?"

"मी बी नाई. पन मी तोंडावर सांगतो."

या पारदर्शक कारभाराने ताई निश्चिंत झाल्या आणि मेमरी बत्तीसशेवर चढवून घेऊन परतल्या. केंद्रावर पाटी लागली : 'येथे बत्तीसशेवर नोंदणी होते.' बत्तीसशे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नोंदणीला आलेल्या नत्थुजींच्या मते ते तासाला निघणारे अर्ज, तर खुशालरावांच्या मते नवीन योजना. रांग रस्त्यापर्यंत गेली. प्रगतीही नाकारता येणार नाही : 'कृपया प्रतीक्षा करा' ही सूचना आधी थोड्या वेळाने यायची, ती आता ताबडतोब येऊ लागली.

मैनाबाईंच्या एकुलत्या एका खोलीत तुरीची पोती होती आणि मैनाबाई त्या पोत्यांवरच झोपत. नोंदणी झाली नाही, तर व्यापारी म्हणेल त्या भावात तूर द्यावी लागणार होती. शेवटच्या दिवशी त्यांनी पहाटेच रांगेत चप्पल ठेवली. आमच्याकडे माणूस लिंबाखाली बसतो आणि रांगेत चप्पल उभी राहते. माणसाचा शब्द कोणी मोडेल, चपलेचा नंबर मोडत नाही.

भर दुपारी संकेतस्थळ अचानक सुरू झालं. नेमकी तेव्हाच, मार्चच्या उन्हात, बत्तीसशेवर पळणारी मेमरी बसली. निळा पडदा आला, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पुन्हा निळा पडदा. ताईंनी फोन लावला. फुरकानभाई म्हणाले, "पंखा लावा."

समोरून गोवर्धन धावत आला. "मावशी, चाला ना! माह्याकडं साइट चालू हाये, एक बी मानूस नाई!"

मैनाबाईंनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "एक बी मानूस काहून नाई रे बाप्पा?"

"समदे इकडंच हायेत ना!"

"मंग समदे का येडे हायेत? अन् माही चप्पल हाये इथं लायनीत."

संध्याकाळी मुदत संपली. तूर व्यापाऱ्याने नेली. एवढी कष्टाची तूर मातीमोल गेली, याचं मला फार वाईट वाटलं. खोली मात्र प्रशस्त झाली.

पुढच्या हंगामात मागणीअभावी गोवर्धनचं केंद्र बंद करण्यात आलं आणि गर्दी लक्षात घेऊन साधनाताईंना दुसरा संगणक मंजूर झाला.

आपण वाचक मंडळी शिकलेली. आपण सरळ रिकाम्या केंद्रात गेलो असतो. फक्त जाण्याआधी रांगेतल्या कोणाला तरी विचारलं असतं, "तिकडे गर्दी का नाही हो?" आणि त्याच्या मागे उभे राहिलो असतो.