आधी शब्द, मग नाल

नंदुरबारात गफूरभाई नालबंदाकडे घोडा नेला, की ते आधी खूर बघत नसत. मालकाला विचारत, "तुन्हा गावमां चहाले काय म्हंतस रे भाऊ?" उत्तर मिळेपर्यंत हातोडा जमिनीवर. आधी शब्द, मग नाल!

सारंगखेड्याच्या यात्रेला लोक घोडे बघायला जात. गफूरभाई जात शब्द गोळा करायला. गुजरातचा व्यापारी 'चा' म्हणाला, काबूलवाला 'चाय'. गफूरभाईंनी दोघांच्या पाठीवर थाप मारली. "चिनी बोलना तू! चीनना शबद शे तो!" एकाला तर ही थाप म्हणजे दलालांची खूण वाटली. वय कळू नये म्हणून त्याने घाईघाईने आपल्या घोड्याचे दातच झाकले.

गोऱ्या साहेबाने 'टी' सांगितलं, तेव्हा मात्र ते हळहळले. "त्याना वाडवडील चीनना दुसरा बंदरवर उतरनात. तठे चहाले 'ते' म्हंतस. बिचारा!" आणि त्याच्या घोड्याला जरा जास्तच जपून नाल ठोकला.

ही विद्या पलटणीतली. तरुणपणी ते घोड्यांबरोबर चीनला जाऊन आले होते.

मी साताऱ्याकडचा, चौथीतून शाळा सोडलेला. इथल्या कापसाच्या जिनात कामाला लागलो आणि त्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहिलो. अहिराणी कळेना. मुकादमाने काही सांगितलं की मी नुसती मान हलवी आणि भलतंच उचलून आणी. लोक हसत. आज ना उद्या काढून टाकतील, या धास्तीने आठव्या दिवशी मीच गाठोडं बांधलं. स्टेशनाकडे निघालो, तर दारात गफूरभाई.

"गाडीले येळ शे. पहिले सांग, तुन्हा गावमां चहाले काय म्हंतस?"

"च्या," मी कसाबसा म्हणालो.

"देख! इतला दूरथीन उना, आन बोलना आम्हनाच शबद. मंग परका कसा तू? बस."

त्यांनी बशीत चहा ओतून पुढे केला, आणि पहिल्यांदाच चीनबद्दल नीट बोलले. अंगात ताप, पलटण पुढे निघून गेलेली. कुणा म्हाताऱ्याच्या दारात पडून ते नुसतं 'चा, चा' करत राहिले. म्हातारा हसला आणि किटली घेऊन आला. ताप उतरेपर्यंत रोज त्यानेच पाजलं.

तिकडे गाडी शिट्टी देऊन गेली. मी बशी हातातच धरून होतो. त्या बशीपायी मी आजही नंदुरबारात आहे.

"नाव काय हो त्या म्हाताऱ्याचं?" मी विचारलं.

गफूरभाईंनी भट्टीतले निखारे सारखे केले.

"नाव कसं इचारू भाऊ? मन्हाजवळ एकच शबद व्हता."