चेंडूत हवा आहे ना?

परकारभाई चेंडू आंब्यासारखा दाबून बघतात. अंगठा लावायचा, जरा दाबायचं, मग कानाशी नेऊन हलवायचं आणि निकाल द्यायचा, "हवा आहे ना अजून? मग नवा कशाला?" चेंडूच्या आत हलण्यासारखं काही नसतं, हे मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "नसतं तेच ऐकायचं असतं, ताई."

दोहातल्या आमच्या छोट्या कॉलेजात दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकायला येणारेच जास्त. तिथल्या क्रीडा विभागात सामने ठरवणं, बस मागवणं, पंच शोधणं ही कामं माझ्याकडे. त्यासाठी लागणारा पैसा देणं, म्हणजे खरं तर न देणं, हे काम अब्दुल करीम परकार यांच्याकडे. ते मूळचे दापोलीकडचे, मी सांगलीची, म्हणजे घाटावरची. त्यामुळे माझा हात सैल आहे हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

काहीही मागा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "माफी फुलूस." पैसा नाही. इथल्या अरबीतले हे दोन शब्द ते इतक्या गोडीने उच्चारतात की माणूस उलट त्यांचेच आभार मानून, शुक्रन म्हणून परत फिरतो. व्हॉलीबॉलची जाळी फाटली तेव्हा त्यांनी ती घरी नेली आणि मासे पकडायच्या जाळ्याला मारतात तशा गाठी मारून आणली. जाळी पक्की झाली, फक्त मधोमध तिला कोकणी वळण आलं. एकदा मुलींच्या व्हॉलीबॉल टीमसाठी बस मागितली, तर त्याच दिशेला बुद्धिबळाचा सामना निघेपर्यंत ती मिळाली नाही. त्याच बसमधल्या दोन बुद्धिबळवाल्या मुलींनी वाटेत इतका आरडाओरडा ऐकला की पुढे त्यातली एक आमच्याकडेच खेळायला आली. "बघा, एका बसमध्ये प्लेयर पण मिळाला," परकारभाई म्हणाले.

मुलींचा सराव बंद हॉलमध्ये चालतो. पुरुषांना आत जाता येत नाही. सराव असला की ऑफिस सुटल्यावर परकारभाई हॉलच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचे. सराव संपल्याबरोबर दिवे आणि एसी बंद व्हावेत म्हणून हा पहारा, अशी माझी खात्री होती. मुली त्यांना 'स्विचवाले अंकल' म्हणायच्या.

आता सरकारी असो की खाजगी, बजेटची एक रीत असते. वर्षअखेर जवळ आली की सगळे विभाग उरलेला पैसा घाईघाईने संपवतात. लायब्ररी पडदे बदलते, कँटीन खुर्च्या बदलते. कारण उरलेला पैसा परत जातो आणि पुढच्या वर्षी तेवढाच कमी मिळतो. ही गोष्ट कॉलेजातला शिपाईसुद्धा जाणतो. परकारभाईही जाणत होते. तरी ते दरवर्षी पैसा उरवायचे आणि मुलीला चांगलं स्थळ मिळाल्याच्या आनंदात परत करायचे.

व्हायचं तेच झालं. नव्या डायरेक्टरबाईंनी आकडे पाहिले आणि बैठकीत शांतपणे म्हणाल्या, "या व्हॉलीबॉल टीमला पैसा लागतच नाही. म्हणजे ती कोणाला हवीये असं दिसत नाही. पुढच्या वर्षी बंद करूया." शेवटचा निर्णय आठवड्याभराने व्हायचा होता.

टीमची कॅप्टन हुदा दिवसा बँकेत काम करते. ती माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. नुसतं म्हणाली, "मिस, मला दिवसभर कोणी नावाने हाक मारत नाही. इथे मारतात." मला असा संताप आला की मी तडक परकारभाईंच्या टेबलापाशी गेले.

"तुम्ही वाचवलेल्या पैशांनी टीम मारली," मी म्हणाले.

त्यांना ते आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते चष्मा काढून पुसत बसले.

"मी पोरींना लपवत होतो, ताई," ते हळूच म्हणाले. "गल्फमध्ये सगळी जिंदगी गेली. मंदी आली, कंपन्या बुडल्या, इथल्या नजमा भागातल्या खोलीत माझ्या बाजूचे कॉट किती वेळा रिकामे झाले. मोठे पगारवाले आधी गेले. मी राहिलो. कमी खर्चाच्या माणसाला कोणी काढत नाही. मला वाटलं, टीमचं पण तसंच असेल."

माझा संताप कुठल्या कुठे गेला. जे त्यांना जगवत आलं होतं तेच त्यांनी मुलींना दिलं होतं, आणि तेच नेमकं उलटलं होतं.

"दाराबाहेर बसता ते दिव्यांसाठी ना?" मी विचारलं.

"दिवे काय, ऑटोमॅटिक आहेत," ते म्हणाले. "माझ्या दोन्ही पोरी गावात वाढल्या. त्यांचं खेळणं, भांडणं, सगळं मी फोनवरच ऐकलं. आता त्या सासरी. फोनवर पण जपून बोलतात. इथे जरा पोरींचा गलका कानावर येतो."

निर्णयाच्या बैठकीला परकारभाई चेंडूंनी भरलेलं पोतं घेऊन आले. आयुष्यात ज्या माणसाने कोणाकडे काही मागितलं नव्हतं, तो घामाघूम होऊन उभा होता. त्यांनी एक चेंडू डायरेक्टरबाईंपुढे ठेवला. "मॅडम, प्लीज, थंब." बाईंनी बुचकळ्यात पडून अंगठा दाबला. तो पार आत गेला.

"हवा खलास," परकारभाई म्हणाले. "मुली यानेच खेळतात. मागितलं नाही ती चूक माझी. हवीये त्यांना टीम. खूप हवीये."

बाईंनी दुसरा चेंडू दाबला, मग तिसरा. मग त्यांना हसू आलं. टीम राहिली. नवे चेंडू आले, नवी जाळीही आली. त्या दिवशी अल हिलाल भागातल्या माझ्या घरी जाऊन मी कितीतरी दिवसांनी स्वस्थपणे चहा प्यायले.

परवा सराव चालू होता. परकारभाई त्यांच्या खुर्चीवर होतेच. मी शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले. दारापलीकडे चेंडू ठणठणत होते. कोणीतरी हुदाच्या नावाने ओरडत होतं.

"नव्या चेंडूचा आवाज वेगळा येतो," ते म्हणाले. मग दाराकडे बघतच म्हणाले, "ताई, घरवालीला इकडे आणायचं एक तिकीट कॉलेज दरवर्षी देतं म्हणे. खरं काय?"

"खरंय. तुम्ही कधी घेतलं नाहीत?"

"कधीच नाही. उगीच खर्चात दिसायला नको म्हणून." त्यांनी घसा खाकरला. "तिने अजून समुद्राची ही बाजू बघितली नाही. आता मागितलं, तर चालेल?"