माशाची अठ्ठाई

शिंदखेड्याचे पारसमल शेठ काचेच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते आणि आतल्या माशाला विनवत होते, "खा रे बाबा. एक घास तरी खा."

मासा हळकुंडासारखा पिवळाधमक. नातू मननने तो मुंबईहून आणला, खाऱ्या पाण्याची टाकी बसवली आणि "दादाजी, हा समुद्रातला असला तरी शुद्ध शाकाहारी आहे, शेवाळ खातो," एवढं सांगून तो पंधरा दिवसांसाठी कंपनीच्या कामाला बंगळूरला गेला. वाळवलेल्या शेवाळाचं कागदासारखं पान चिमट्याने काचेला अडकवायचं, एवढंच काम. शेठ रोज अडकवत होते. मासा यायचा, पान निरखायचा आणि दुकानातली कापडाची सगळी ठाणं उलगडायला लावून काहीच न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखा वळून जायचा.

नेमकं पर्युषण चालू होतं. दरवर्षी शेठच्या पत्नी झमकूबाई अठ्ठाई करायच्या, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर. यंदा साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मनाई केली होती, तेव्हापासून त्यांचं तोंड उतरलं होतं. चौथ्या दिवशी त्या टाकीपाशी थबकल्या आणि त्यांनी हात जोडले.

"अहो, याचा उपास आहे! पर्युषण लागल्यापासून यानं तोंडात काही घेतलं नाही. माझी हुकलेली अठ्ठाई हा मुका जीव करतोय."

कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. शेठ काही बोललेच नाहीत, आणि तिथेच चुकले.

दुपारपर्यंत शेजारच्या सुंदरबाईंनी ही बातमी जैन स्थानकात पोचवली. तपस्व्याची विचारपूस करायची रीतच आहे. बायका जथ्याने आल्या, टाकीसमोर बसून स्तवनं म्हणू लागल्या, आणि "साता आहे ना?" म्हणजे बरं आहे ना, असं माशाला विचारू लागल्या. मासा तोंड उघडायचा, मिटायचा. "आहे म्हणतोय," सुंदरबाई सांगायच्या.

शेठनी गच्चीवर जाऊन मननला फोन लावला.

"दादाजी, कसला उपास! नव्या जागेला बुजलाय तो. आणखी दोन-तीन दिवस नाही खाल्लं तर मरेल. पानाला लसणाचा रस लावा, वासाने भूक लागते त्याला."

"लसूण? आपल्या घरात? पर्युषणात?"

"मग ठरवा तुम्ही."

ठरवायचं काय? दारात कीड-मुंगीला साखर घालणारं घर. त्या घरात जीव उपाशी मरणार? आणि तो जेवला असं कळलं, तर झमकूबाईंचा उजळलेला चेहरा पुन्हा विझणार. शेठनी टोपी घातली आणि संध्याकाळी बायका स्थानकात प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला गेल्यावर ते मागच्या गल्लीतून भिकाच्या घरी गेले. भिका त्यांचा शाळेतला दोस्त, एसटीतून निवृत्त झालेला.

"काय रे पारस, रस्ता चुकना का?"

"भिक्या, थोडा लसूण पाह्यजे."

भिकाने आत तोंड करून बायकोला आरोळी ठोकली, "लिलाबाई, आयक वं! शेठले लसूण पाह्यजे!"

"हळू बोल ना! माशासाठी पाह्यजे."

"हां, हां. माशासाठी." भिकाने डोळा मिचकावला. "बठ्ठा गाव म्हणस, मासाना उपास शे. माले येडा समजस का? बस ना भाऊ."

लिलाबाई खलबत्त्यात लसूण ठेचू लागल्या. तो ठोका आणि तो वास आल्याबरोबर शेठ एकदम बारा वर्षांचे झाले. शाळा सुटली की ते याच ओट्यावर येत. भिकाची आई चुलीवरची कळण्याची भाकरी, वर ठेचा, अशी हातावर ठेवून म्हणायची, "खा रे शेठना पोऱ्या, पन घर सांगू नको." पुढे लग्न झालं, कंदमुळं सोडण्याचा नियम घेतला, दुकान वाढलं. नियम खाण्याचा होता, येण्याचा नव्हता. पण येणंही सुटलं. कीर्तनात बुवा अभंग सोडून आख्यानाला लागावेत तसा भिका जुन्या गोष्टींना लागला आणि शेठनी डोळे पुसले.

"काय व्हयनं?"

"लसणानं झोंबलं."

"कांदा नही शे तो," भिका म्हणाला, आणि तोही दुसरीकडे बघू लागला.

रस लावलेलं पान पाण्यात गेलं. माशाने एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि पानाचा तुकडाच तोडला. शेठनी आनंदाने मांडीवर थाप मारली. तेवढ्यात दारात बायका.

सुंदरबाईंनी नाक वर केलं. "लसूण? कोणी खाल्ला?"

शेठनी माशाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले.

मग रोज तेच. संध्याकाळी शेठ भिकाकडे जायचे, तासभर बसायचे, बाटलीत रस आणायचे. मासा गुपचूप जेवायचा, आणि वासाचं पाप शेठच्या माथी. मासा खाऊन खाऊन चमकू लागला. "तपाचं तेज बघा!" बायका म्हणायच्या. आणि स्वतः एकभुक्त राहून शेठ मात्र वाळले. "खादाडपणा अंगी लागत नाही," सुंदरबाईंनी त्याचाही उलगडा केला.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, स्थानकात सगळे एकमेकांची क्षमा मागत होते. संघाचे अध्यक्ष प्रेमराजजींनी हात जोडले आणि चारचौघांत म्हणाले, "शेठ, खमतखामणा. पण त्या माशाकडून काही शिका."

शेठनी तेही ऐकून घेतलं. क्षमा मागता मागता उशीर झाला होता, माशाची वेळ टळून गेली होती. ते धापा टाकत घरी आले, तर घरभर लसणाचा वास. टाकीसमोर झमकूबाई बसलेल्या, हातात बाटली, आणि मासा पान कुरतडतोय.

"तू? संवत्सरीच्या दिवशी लसणाला हात लावलास?"

"मग काय, उपाशी ठेवू त्याला?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पानाची कड कुरतडलेली दिसत नाही का मला?"

"मग सगळ्यांसमोर माझी शोभा कशाला होऊ दिलीस?"

झमकूबाईंनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. "बोलले असते तर तुमचं भिकाभाऊंकडे जाणं थांबलं असतं. इतक्या वर्षांनी तुम्ही रोज हसत घरी येत होतात." मग त्या टाकीकडे बघत म्हणाल्या, "आज रस आणायला गेले तेव्हा लिलाबाईंनी सगळं सांगितलं. शाळेतून आल्यावर कळण्याच्या दोन-दोन भाकरी खायचात म्हणे तिथे."

शेठ तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. मग टोपी काढत म्हणाले, "तीन."