तीस हजार ठिपक्यांचा चेहरा

"दोन दिवस! फक्त दोन दिवसांत ह्याला असं वळण लावतो, की मी हाक मारायच्या आत ओ देईल!"

नवा आयफोन हातात घेऊन दत्तोबांनी ही घोषणा केली, तेव्हा मथुराबाई पोळ्या लाटत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "टीव्हीच्या रिमोटला वळण लागलं का?"

दत्तोबांचा मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा गाळा. राहणं वारज्याला, मूळ गावचेच. गाव शहरात केव्हा गेलं ते गावालाही नीट कळलं नव्हतं, पण दत्तोबांचा नऊ वर्षांचा अँड्रॉइड फोन मात्र अजून गावातच राहिला होता. काचेवर कोळ्याचं जाळं, पाठीला रबरबँड, आणि बॅटरी अशी की फोन कानाला लावायचा तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. त्यांची मुलगी शेफाली खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. एक दिवस तिनं सरळ नवा फोनच आणून पुढ्यात ठेवला.

"आमचा चांगला चाललाय," दत्तोबा म्हणाले.

"बाबा, ह्याच्याकडे बघा. आता मान गोल फिरवा. हळू."

"का? मला दाखवायचा कार्यक्रम आहे का?"

"तुमचा चेहरा शिकतोय तो. तीस हजार ठिपके टाकतो चेहऱ्यावर. आपल्याला दिसत नाहीत. नाक किती वर, डोळे किती आत, सगळं मोजतो. आता हा फक्त तुमच्या चेहऱ्यानं उघडणार!"

दत्तोबांनी हळूच गालावरून हात फिरवला.

"तीस हजार? एवढ्याशा तोंडावर?"

एकसष्ट वर्षं ते हे तोंड घेऊन फिरत होते. इतक्या बारकाईनं त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मथुराबाईंनी तर नाहीच नाही! झालं. त्याच क्षणी जुना फोन मनातून उतरला.

मग शेफालीनं दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "जुन्यातलं सगळं नव्यात जाईल. तासभर हात लावू नका."

म्हैस व्यायला झाली की गोठ्यात बसून राहावं, तसे दत्तोबा खुर्ची ओढून बसले. अकराशे चौऱ्याऐंशी नावं निघाली होती! 'जाड्या टेम्पो', 'लासलगाव खोकला', 'उचलू नये १', 'उचलू नये २'... नऊ वर्षांची लग्नं, बारशी, कांद्याचे ढीग आणि कमळांवर लिहिलेली सुप्रभातं, सगळी वरात या फोनातून त्या फोनात चालली होती.

"दोरी न्हाय, वायर न्हाय! हवेतनं चाललंय?"

"हवेतनंच."

तेवढ्यात मथुराबाई टेबलावरची मिठाची बरणी घ्यायला आल्या आणि त्यांचा हात दोन्ही फोनांच्या मध्ये आला.

"थांब!" दत्तोबा ओरडले. "हात काढ! जाड्या टेम्पो जातोय!"

पुढचे दोन दिवस मात्र कठीण गेले. नव्या फोनला मागं जायचं बटणच नव्हतं! शेफालीनं सांगितलं, कडेवरून बोट सरकवायचं. दत्तोबांचं बोट पोत्याची शिवण उसवणारं. ते सरकण्याऐवजी दाबलं जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका कांद्याच्या फोटोत शिरले आणि दोन तास बाहेर येऊ शकले नाहीत. पण तक्रार? छे! तोंड समोर धरलं की कुलूप आपोआप उघडायचं, आणि दरवेळी दत्तोबांचा ऊर भरून यायचा. दिवसातून चाळीस वेळा ते काही काम नसताना फोन उघडून बघत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात जाहीर कार्यक्रमच झाला.

"या! कुणीबी या! उघडून दाखवा!"

वजनकाट्यावरचे तोलणार गोपाळकृष्ण आले. त्यांनी चष्मा घालून बघितलं, काढून बघितलं. फोन ढिम्म! चहाच्या टपरीवरच्या दुर्गाबाईंनी पदर सावरून बघितलं. ढिम्म! एका हमालानं मिशा पिळून, दत्तोबांसारखा चेहरा करून बघितलं, तेव्हा फोन चिडलाच आणि गुप्त आकडे मागायला लागला. दत्तोबांनी पाठ फिरवून आकडे दाबले आणि विजयी मुद्रेनं वळले. "तीस हजार ठिपके हायत! परमेश्वरानं एकाला दिलं ते दुसऱ्याला न्हाय!"

गोपाळकृष्ण शांतपणे म्हणाले, "आणि समोरच्या गाळ्यावाल्यांनी बघितलं तर?"

एकदम सगळ्यांना काही ना काही काम आठवलं.

समोरच्या गाळ्यावर सुखदेव बसत. दत्तोबांचे सख्खे भाऊ. सख्खे म्हणजे किती सख्खे, तर अकरा मिनिटांच्या अंतरानं जन्मलेले! सात वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत दत्तोबांचा सत्कार ठरला होता. पाहुणे बाहेरचे. त्यांनी शाल घातली ती सुखदेवच्या खांद्यावर. बरं, घातली तर घातली! सुखदेवनं ती घेतली, नारळ घेतला, वर माइकवर जाऊन "आभारी आहे" असंही म्हणून टाकलं! त्या दिवसापासून दोघांमध्ये बोलणं बंद. मधला रस्ता बारा फुटांचा, पण दत्तोबांनी तो सात वर्षांत एकदाही ओलांडला नव्हता. वर कुणी चुकून सुखदेव समजून हाक मारली की त्यांचा पारा चढे.

"आमच्यात साम्य काय आहे सांगा! त्याचं नाक बघा, माझं नाक बघा!"

लोक इकडचं नाक बघत, तिकडचं नाक बघत, आणि गंभीरपणे मान हलवत. दोन माणसांना देवानं एकच नाक दिलं होतं.

"त्याचं नाव काढू नका," दत्तोबा गरजले, फोन पोत्यावर ठेवला आणि यार्डाच्या मागच्या टोकाला गाडी उतरतेय का ते बघायला तरातरा निघून गेले.

अर्ध्या तासानं परत आले. फोन पोत्यावरच होता. त्यांनी तोंड दाखवलं, फोन उघडला, आणि दत्तोबा मटकन खाली बसले.

गेले चार महिने शेफाली एकच प्रश्न विचारत होती. तिच्या ऑफिसातला सुदर्शन, मूळचा वाशीमचा, मुलगा सालस. त्याचे आई-वडील भेटायला येऊ म्हणत होते. दत्तोबा 'बघू' म्हणत. वाशीम लांब आहे म्हणत. तिकडं ऊन फार म्हणत. खरं कारण मथुराबाईंना ठाऊक होतं: मांडवात कुणी विचारलं, 'मुलीचे काका कुठायत?' तर काय सांगायचं? पण ते तोंडानं कोण बोलणार!

मघाच्या अर्ध्या तासात शेफालीनं मेसेज टाकला होता. 'बाबा, आज शेवटचं विचारते. त्यांना बोलावू का?'

त्याखाली दत्तोबांचं उत्तर होतं. 'हो'.

आणि त्याखाली शेफालीचं, 'थँक यू बाबा!!! कळवलं त्यांना. रविवारी अकरा वाजता येतायत. तिकिटंसुद्धा काढली!'

"मी न्हाय लिहिलं," दत्तोबा पुटपुटले. "आईशप्पथ न्हाय लिहिलं!"

"मग कोणी?" गोपाळकृष्णांनी विचारलं. "तुमच्या तोंडाशिवाय तर उघडत नाही."

दत्तोबांनी फोनकडे पाहिलं. फोननं दत्तोबांकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा टक् करून उघडला. त्यांनी तो हातभर लांब धरला.

"फोननंच लिहिलं," ते कुजबुजले. "तीस हजार ठिपके... ते नुसते वरवर थांबले नसणार. आत गेले असणार!"

"म्हणजे मनापर्यंत?" दुर्गाबाईंनी छातीवर हात ठेवला.

"मन वाचलं त्यानं!"

"म्हणजे तुमच्या मनात होच होतं!" गोपाळकृष्ण म्हणाले.

दत्तोबा विचारात पडले. आणि खरोखर, आत कुठंतरी, त्या वाशीमच्या उन्हाच्याही पलीकडे, एक 'हो' चार महिने बसून होता की! हे त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि ह्या टीचभर यंत्रानं ते तीन दिवसांत ओळखलं?

बातमी यार्डभर गेली. लोक लांबून बघायला आले. दुर्गाबाईंनी फोनला हळद-कुंकू लावायचं सुचवलं. कॅमेऱ्यावर जाईल म्हणून राहिलं. एका लसूणवाल्यानं फोन आपल्याकडे वळतोय असं दिसताच तोंडावर टॉवेल घेऊन पोबारा केला. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे! दत्तोबांनी शेफालीला फोन लावला.

"पोरी, ते हो मी लिहिलं न्हाय!"

"बाबा, असं कसं? फोन तर फक्त तुमच्याच चेहऱ्यानं उघडतो. तुम्हीच दोन दिवस सगळ्यांना सांगताय ना?"

"तेच म्हणतोय मी! फोननं मन वाचलं माझं!"

पलीकडून शेफाली म्हणाली, "बाबा, फोन चेहरा वाचतो. मन नाही वाचत. नीट आठवून बघा, कोणी लिहिलं असेल. आठवलं की फोन करा."

तेवढ्यात गर्दीतून नगरचा एक नवा ड्रायव्हर पुढं आला. "ओ मालक, कशाला एवढं घोटाळ्यात पडता? मघाशी फोन वाजला, म्हणून मीच न्हाय का तुमच्या हातात दिला, आन् तुम्ही म्हणालात तसा परत पोत्यावर ठेवला? तिथं, त्या समोरच्या गाळ्या..."

तो थांबला. त्यानं समोर गाळ्यावर बसलेल्या सुखदेवकडे बघितलं. मग दत्तोबांकडे बघितलं. मग डोळे चोळले.

दत्तोबा उठले. हातात फोन, चेहरा लालबुंद. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो बारा फुटांचा रस्ता ओलांडला. अख्खं यार्ड श्वास रोखून बघत होतं.

"सुख्या, बघ हिकडं!"

सुखदेवनं वर बघितलं. फोन टक् करून उघडला.

दत्तोबांनी तो बंद केला, पुन्हा धरला. टक्! बाजूला नेला, वाकडा धरला, उलटा धरला, पुन्हा समोर. टक्!

तीस हजार ठिपके. त्यातला एकही वेगळा निघाला नाही.

दत्तोबा बघतच राहिले. सात वर्षं नाकं मोजली, भांडले, साम्य नाही म्हणून जगाला ठणकावलं. आणि जगातल्या एवढ्या हुशार यंत्राला त्या दोघांमध्ये केसाचाही फरक सापडेना! मग तो जत्रेतला बिचारा पाहुणा, लांबचा प्रवास करून आलेला, त्याला कुठून सापडायचा? रागाचा शब्द तोंडाशी आला होता. तो कुठं गेला, त्यांना कळलंच नाही.

"का लिहिलंस?" त्यांनी एवढंच विचारलं.

सुखदेवनं पोत्यावरची धूळ झटकली. "हातात आला. बघितला. उघडला. पोरगी विचारत होती."

"मग मला दे म्हणायचं ड्रायव्हरला!"

"चार महिने तुलाच विचारत होती ना?"

सगळं यार्ड ऐकत होतं. दत्तोबांनी शेफालीला पुन्हा फोन लावला, घसा खाकरला आणि मोठ्या मनानं म्हणाले, "शेफाली, आठवलं. मीच लिहिलं होतं. तो हो माझाच."

"खोटं!" शेफाली हसली. "काकांनी लिहिलंय. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"आँ? कसं काय?"

"बाबा, रागवू नका. काका सात वर्षं मला मेसेज पाठवतात. बारावीला 'शाब्बास'. नोकरी लागली तेव्हा 'उत्तम'. वाढदिवसाला 'सुखी'. कधी दुसरा शब्द नाही. तुमचा मेसेज असता, तर आधी कमळ आलं असतं, मग उगवता सूर्य, मग जोडलेले हात, मग तब्येतीची काळजी घे... आणि उत्तर शेवटपर्यंत आलंच नसतं!"

"मग तू पाहुण्यांना का बोलावलंस?"

"तुम्ही नाही म्हणता का, ते मी बघत होते. तुम्ही 'नाही' म्हणालाच नाहीत, 'फोननं मन वाचलं' म्हणालात."

दत्तोबांनी फोन खाली घेतला आणि त्याच्याकडे नवलानं बघितलं. तीस हजार ठिपके टाकूनही ह्याला जे समजलं नाही, ते पोरीनं एका अक्षरावरून ओळखलं! आणि ती त्यांचीच मुलगी! खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत बसून तिनं दोन म्हाताऱ्यांची नाडी बरोबर पकडली होती. एवढी अक्कल पोरीला कुठून आली, ह्याचा त्यांनी थोडा विचार केला आणि मथुराबाईंकडून, असं निमूटपणे मान्य केलं.

"रविवारी अकराला," ते सुखदेवकडे न बघता म्हणाले. "आधी ये जरा. खुर्च्या मांडायच्यात."

"येतो," सुखदेव म्हणाले.

दत्तोबा रस्ता ओलांडून आपल्या पोत्यावर येऊन बसले. आता पोरीला आपल्या हातानं होकार द्यायलाच हवा होता. तोही असा थेट, सुटसुटीत, एका शब्दाचा! त्यांनी चष्मा पुसला, फोनला तोंड दाखवलं, आणि मान खाली घालून एकेक अक्षर शोधत टाइप करायला सुरुवात केली.

दुपारचे अडीच वाजले होते. पहिला शब्द उमटला: 'सुप्रभात'.