बोळातल्या पिवळ्या पिशव्या

बायको गेल्यापासून मास्तर कोपऱ्यावरच्या दुकानात फिरकले नव्हते. दुकानदार माणूस चांगला, पण तो वहिनींची आठवण काढणार आणि आपल्याला चारचौघांत रडू फुटणार, ही त्यांना धास्ती. म्हणून ते लांबच्या मोठ्या दुकानातून सामान आणत. तिथल्या पिवळ्याजर्द पिशव्या दुरूनही ओळखू येत. त्यात दुकानदार महिनाअखेर दुकान बंद करून भाड्याची जागा सोडणार, असं कानावर आलं. मग समोरून जायला तोंडच उरलं नाही. ते दुकानामागच्या बोळातून घर गाठू लागले.

त्या दिवशी बोळात पुढे शिंपी दिसला. बगलेत पिवळी पिशवी.

"इकडून जवळ पडतं," तो म्हणाला. त्याचं घर दुसऱ्या टोकाला होतं.

मागून न्हावी आला. त्याच्या पोटाशी शर्टाखाली काहीतरी पिवळं होतं. त्याला बघून शिंपी गडबडीने मागे वळला. बोळ एका माणसापुरता. रेटारेटीत मास्तरांची पिशवी फाटली, तेल सांडलं, शिंपी त्यात बसला आणि आधाराला न्हाव्याला धरून त्यालाही घेऊन बसला. भिंतीशी रचलेले दुकानाचे रिकामे डबे गडगडले. दुकानाचं मागचं दार उघडलं.

दुकानदाराने पिशव्या पाहिल्या. मग तेलावर भुसा टाकला.

"घसराल. दुकानातून जा."

तिघे खालमानेने आत गेले. शिंप्याने शरमेपोटी साबण घेतला. त्याच्या पिवळ्या पिशवीतही साबणच होता. न्हाव्याने काडेपेटी मागितली, मग साखर, मग उगाच झाडू. आवाजाने जमलेल्यांना वाटलं, आत काही स्वस्त निघालंय. तेही घुसले.

मास्तर शेवटपर्यंत थांबले. "तिकडे चहाच्या चाळीस तऱ्हा आहेत. हिचा चहा त्यात नाही."

"कसा असेल? वहिनींना मी दोन मिसळून द्यायचो."

त्याने पुडी बांधली. मास्तरांना रडू आलंच. पण गर्दी इतकी, की कुणाचं लक्षच गेलं नाही.

तेवढ्यात मागच्या दाराने दुकानदाराची बायको आली. "बोळात तेल कुणी सांडलं?" म्हणाली आणि थबकली. तिच्या हातात पिवळी पिशवी होती.

सगळ्यांच्या नजरा पिशवीवर.

"भाव बघायला गेले होते," ती म्हणाली.

आधी मास्तर हसले, मग सगळेच.

"ते राहू दे," दुकानदार म्हणाला. "तराजू धर, गिऱ्हाईक खोळंबलंय. आणि जागेच्या मालकाला कळव, आम्ही कुठे जात नाही."