इंजिन मूळचं कुठलं?

इंजिनाची किंमत ते कुठवर पोहोचवतं यावरून करणं हा अडाणीपणा आहे. सुसंस्कृत समाजात ती ते कुठून आलं यावरून केली जाते. भोपाळमध्ये हे तत्त्व सर्वांत काटेकोरपणे पाळणारी संस्था म्हणजे हलकी क्रीडामोटार मंडळ. महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर तिचं कार्यालय आहे. खाली मुलं इंजिनिअर होण्यासाठी पाठांतर करत असतात आणि वर, होऊन निवृत्त झालेले इंजिनिअर ते विसरत असतात.

मंडळाचे सभासद सात. (आता सहा. कारण पुढे येईल.) प्रत्येकाकडे एक दोन माणसांची, बुटकी, हलकी मोटार. हलक्या मोटारीचं शास्त्र सोपं आहे. गाडीचं वजन इतकं कमी ठेवायचं की साध्या इंजिनानेही ती पळावी. म्हणूनच परदेशात अशा गाड्या बनवणाऱ्यांनी वेळोवेळी दुसऱ्यांची इंजिनं वापरली, कुणी घरगुती मोटारीचं, कुणी चक्क आग विझवण्याच्या पंपाचं. मंडळाला हा इतिहास ठाऊक आहे आणि मंडळ त्याबद्दल मनातून दिलगीर आहे.

नव्या गाडीला प्रवेश देण्यापूर्वी 'बॉनेट-दर्शन' होतं. पद्धत मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची. खुर्च्या गोलाकार मांडतात, पोहे होतात, मग मालक मान खाली घालून बॉनेट उघडतो आणि अध्यक्ष अच्युतराव विचारतात, "इंजिन मूळचं कुठलं?" अच्युतराव एकतीस वर्षांपूर्वी पुण्याहून बदलीवर आले. पत्ता सांगताना ते अजून 'सध्या भोपाळ' म्हणतात.

उत्तरावरून दर्जा ठरतो. गाडी आणि इंजिन एकाच परदेशी कारखान्यातलं असेल तर पहिला. कारखाने वेगळे पण दोन्ही युरोपातले, तर दुसरा. तिसरा दर्जा जपानी इंजिनांना. (मंडळाच्या शब्दांत, 'कामसू, पण घराणं नाही.') चौथा देशी. चौथ्या दर्जाच्या मालकाला कार्यक्रमात खुर्ची मिळते, पोहे मिळत नाहीत.

भरवशाचं म्हणाल तर मंडळाचं मत स्पष्ट आहे. रोज सकाळी सुरू होणं हा दूधवाल्याच्या गाडीचा गुण आहे. कुलीन इंजिन नाजूक असतं, त्याला हवा लागते, त्याला चढ आवडत नाही, ते रुसतं. मंडळाच्या वार्षिक अहवालानुसार पहिल्या दर्जाची गाडी एका फेरीत सरासरी १.४ वेळा बंद पडते, दुसऱ्या दर्जाची १.१ वेळा, तिसऱ्या दर्जाची ०.६ वेळा. चौथ्या दर्जाची एकदाही नाही. यावरून चौथ्या दर्जाच्या इंजिनाला भावना नसतात हे सिद्ध होतं, असं अहवालात नमूद आहे.

चौथ्या दर्जात एकच सभासद होते. दिगंबर. माझे वडील.

शिवाजी नगरमध्ये मला मिळालेल्या सरकारी क्वार्टरच्या मागे पत्रे टाकून बाबांनी ती गाडी स्वतः बांधली. सांगाडा नळ्यांचा, अंग फायबरचं, रंग पिवळा, कारण तोच डबा घरात होता. इंजिन इथल्या भाजीबाजारातल्या, भंगारात निघालेल्या एका व्हॅनचं. बॉनेट-दर्शनाला अच्युतरावांनी ठरलेला प्रश्न विचारला तेव्हा बाबा म्हणाले, "बिट्टन मार्केटचं."

कुणी हसलं नाही. दर्जा नोंदवला गेला. बाबांनी स्वतःच्या डब्यातले पोहे खाल्ले.

तरी त्यांना सभासद ठेवलं होतं, कारण बाकी सहाजणांच्या गाड्या त्यांच्याकडे 'ट्यूनिंग'ला येत. येताना कापडाखाली, जाताना कापडाखाली. एकेक गाडी महिना-दीड महिना आमच्या पत्र्याखाली असे. आई म्हणायची, "माणसं पाळण्याला गोधडी घालतात, हे गाड्यांना घालतात."

पावसाळा सरताना बाबा गेले. हृदय बंद पडलं. ते मूळचं होतं, बदललेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अच्युतराव भेटायला आले. फोटोसमोर हात जोडले, चहा घेतला, आई आत गेल्यावर खुर्ची पुढे ओढली. "मंजूषा बाळ, दिगंबरराव माझ्या गाडीबद्दल कधी काही बोलले होते का?"

"गाडीबद्दल म्हणजे?"

"म्हणजे... आतल्याबद्दल."

मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच शोक दिसला. तोवर काळजी होती.

दुसऱ्या दिवशी आशय आला, मंडळाचा सचिव, सभासदांत सर्वांत तरुण. त्याने तर चप्पल काढता काढताच विचारलं, "ताई, काकांनी मेरी गाडी के बारे में कुछ बोला तो नहीं ना?" मग तिसरा आला, मग चौथा. सहाही जण एकेकटे आले, आणि प्रत्येकाने आई आत जाण्याची वाट पाहिली. शेवटी आईच म्हणाली, "मी चहाच्या आधीच आत जाऊन बसू का ग? लोकांचा खोळंबा होतो."

बाबांनी मला कधीच काही सांगितलं नव्हतं. ते या लोकांनीच, गुपित राखण्याचं वचन माझ्याकडून घेता घेता, सांगून टाकलं.

सहाही कुलीन इंजिनं केव्हाच कायमची गेली होती. प्रत्येकाने बाबांना विनवलं होतं की, हे फक्त आपल्या दोघांत. बाबांनी प्रत्येकाला व्हॅनचं इंजिन बसवून दिलं, त्यावर जुनं, नाव कोरलेलं झाकण ठोकठाक करून बसवलं, आणि आवाजाची सोय सायलेन्सरमध्ये केली. मग सहाजणांची गुपितं एकमेकांपासून सांभाळली. अहवालातला तो १.४ चा आकडा मला तेव्हा उमगला. व्हॅनचं इंजिन बंद पडत नाही. ते बंद करावं लागतं. हे लोक दर फेरीत रस्त्याच्या कडेला थांबून, किल्ली फिरवून, बॉनेटला टेकून कौतुकाने उसासे टाकत होते. आणि बाबा त्यांच्यासाठी थांबून राहत होते.

महिन्याने मंडळाने बाबांच्या नावाने स्मृतिफेरी ठरवली, केरवा धरणापर्यंत. मला आणि आईला कार्यालयात बोलावलं. आशयने ठराव वाचून दाखवला. दिवंगत सभासदाची मोटार फेरीत सर्वांत पुढे राहील. मात्र स्मृतिफेरीचा दर्जा पहिला असल्याने तिचं विद्यमान इंजिन काढण्यात येईल आणि मोटार फुलांनी सजवून ट्रॉलीवरून नेण्यात येईल. नंतर मंडळ एखादं योग्य इंजिन शोधून देईल.

"हा मान आहे," अच्युतराव म्हणाले.

"तिला ट्रॉलीवर न्यायचं?" आईने विचारलं. "ती चालते की."

"वहिनी, चालण्याचा प्रश्नच नाही."

मतदान झालं. इंजिन काढण्याच्या बाजूने सहा, विरोधात कुणी नाही. सहाही हात उंच, ठाम आणि स्वच्छ होते. कोणत्याही धर्मपीठाला हेवा वाटावा असं ते दृश्य होतं.

त्या इंजिनाला बाबांनंतर कुणाचा हात लागला नव्हता. घरातलं बाकी सगळं आवरून झालं होतं, चष्मा, औषधं, कपडे. किल्ली फिरवली की त्यांनी लावून ठेवलेल्या लयीत सुरू होणारं एवढं एकच उरलं होतं. हे मी मंडळाला सांगितलं नाही. भावनाशून्य दर्जाच्या इंजिनाबद्दल तिथे ते शोभलं नसतं.

मी म्हटलं, "मला मान्य आहे. फक्त त्या दिवशी सगळ्यांनीच बॉनेट उघडून, वरची झाकणं काढून गाड्या उभ्या कराव्यात. बाबांना इंजिनं बघायला फार आवडायचं."

खालच्या क्लासमधलं पाठांतर स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

"झाकणं कशाला?" आशय म्हणाला. "धूळ जाती है, ताई."

"पाच मिनिटं. मग बंद करू."

सहाजणांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. न पाहण्याची इतकी एकजूट मी कुठे पाहिली नव्हती. मग अच्युतरावांनी चष्मा पुसला आणि सुधारित ठराव तोंडी मांडला. शोकाकुल कुटुंबाच्या भावनांचा आदर राखून, सदर मोटार आहे त्या इंजिनासह चालवत आणण्यास हरकत नाही. बॉनेटं सर्वांचीच बंद राहतील. हाही एकमताने संमत झाला.

फेरीच्या सकाळी मी गाडी चालवली, आई शेजारी बसली. मांडीवर बाबांचा फोटो. मागे सहा गाड्या, वेगवेगळ्या देशांचे आवाज काढत. केरव्याच्या अलीकडच्या चढावर अच्युतरावांची गाडी प्रथेप्रमाणे कडेला गेली. मग दुसरी, मग तिसरी, दर्जाच्या क्रमाने. मी वेग कमी केला.

"तुम्ही व्हा पुढे," अच्युतराव बॉनेटला टेकून ओरडले. "हिला जरा वेळ लागतो."

आईने मान वळवून ती रांग पाहिली. "ह्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्या आहेत ना त्या? मग बंद कशा पडतील?" एवढं म्हणून तिने फोटो पदराने पुसला. "चल. ह्यांना थांबायची सवय होती, आपल्याला नाही."

धरणावर आम्ही दोघीच पोहोचलो. फुलं वाहायला बराच वेळ मिळाला. बाकीचे तासाभराने आले, हात ग्रीसने नीट माखून. यंदाच्या अहवालात पहिल्या दर्जाचा आकडा १.६ वर गेला आहे आणि मंडळात समाधान आहे.

मंडळाला हसायला तुम्ही मोकळे आहात. पण आतापर्यंत तुम्हालाही एक प्रश्न पडला असेल, आणि तो गाडीबद्दलचा नाही. मी वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं नाही. ते तुम्ही शोधलंत. मराठी, आणि भोपाळमध्ये? उज्जैनकडचे असतील, की ग्वाल्हेरचे? की अच्युतरावांसारखे बदलीवर आलेले? अजून खुर्ची सोडू नका, दर्जा ठरवायचा राहिलाय.

विचारा. आम्ही मूळचे बिट्टन मार्केटचे.